कोलोनोस्कोपीची साधने: रुग्ण टेबलावर येण्याआधीची तयारी आणि तपासणी

कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचिक नळी (स्कोप) घालून मोठे आतडे पाहण्याच्या तपासणीसाठी, आलेल्या रुग्णाने आदल्या संध्याकाळपासून जेवण सोडलेले असते, रेचकाचे पाणी दोन-दोन लिटर घशाखाली उतरवलेले असते आणि रात्रीतला बराच वेळ शौचालयात काढलेला असतो. अशा माणसाला डाव्या कुशीवर वळवून, गुंगीचे इंजेक्शन देऊन झाल्यावर स्कोपमधून हवाच येत नाही हे कोणाच्या लक्षात आले, तर तो दोष त्या क्षणी निर्माण झालेला नसतो. तो सकाळपासून किंवा कदाचित आदल्या दिवसाच्या शेवटच्या केसपासून तिथेच असतो. अर्ध्या तासापूर्वी सापडला असता तर एक रबरी कडी बदलून काम भागले असते. आता मात्र तपासणी थांबवून, झोपेतल्या रुग्णाशेजारी उभे राहून तो शोधावा लागतो. पुढे जो क्रम दिला आहे त्यामागचा विचार एवढाच आहे की प्रत्येक दोष तो स्वस्तात निस्तरता येईल अशा वेळी सापडावा. हा लेख एंडोस्कोपी विभागात नव्याने रुजू झालेल्या परिचारिका आणि तंत्रज्ञांसाठी आहे. स्कोपच्या प्रत्येक मॉडेलची स्वतःची पुस्तिका असते, आणि येथे लिहिलेले व पुस्तिकेतले यांत फरक आढळला तर पुस्तिकेचेच ऐकावे.

स्कोप कपाटातून काढताना

मोठ्या माणसांसाठीच्या कोलोनोस्कोपची आत जाणारी नळी साधारण १३ मिलिमीटर जाडीची असते आणि तिची उपयोगाची लांबी मॉडेलनुसार सुमारे १३० ते १७० सेंटिमीटर असते. तिच्यातला मुख्य चॅनल, म्हणजे ज्यातून मळ-पाणी खेचले जाते (सक्शन) आणि फोर्सेप्सही (नमुना घेण्याचा लांब चिमटा) घातला जातो तो मार्ग, बहुधा ३.७ मिलिमीटरचा असतो. सडपातळ किंवा बालकांसाठीच्या स्कोपमध्ये तो ३.२ मिलिमीटरच्या आसपास असतो. हे आकडे तोंडपाठ असण्याचे कारण नाही, पण आज यादीत कोण आहे आणि त्यासाठी कोणता स्कोप लागेल हे कपाट उघडण्याआधी ठरलेले असावे. पोटाच्या जुन्या शस्त्रक्रियांमुळे आतडे चिकटलेल्या कृश बाईसाठी डॉक्टर सडपातळ स्कोप मागण्याची शक्यता असते, आणि तो धुऊन टांगलेला नसेल तर ऐनवेळी तयार होत नाही.

स्कोप काढताना एका हातात मूठ आणि कनेक्टर (यंत्राला जोडायचा भाग), दुसऱ्या हातात टोक, अशी पकड असावी. टोकाला लोंबू दिले की ते कपाटाच्या दारावर किंवा ट्रॉलीच्या कडेवर आपटते, आणि तिथे भिंग, प्रकाशाच्या खिडक्या आणि प्रतिमा टिपणारी चिप असते. दुरुस्तीचे सर्वात मोठे बिल बहुधा याच दोन इंचांपायी येते. स्कोप तळहाताएवढ्या लहान वेटोळ्यात कधीही गुंडाळू नये, कारण आतले काचतंतू तुटतात, चॅनलची नळी मुडपते आणि मुडपलेल्या जागी पुढे ब्रश अडकू लागतो.

त्यानंतर चांगल्या उजेडात संपूर्ण नळीवरून डोळा आणि हात दोन्ही फिरवावेत. हातमोजा घालून, बोटांच्या चिमटीत नळी धरून मुठीकडून टोकाकडे सावकाश सरकत गेले की डोळ्याला न दिसणारा फुगवटा, चेपलेली जागा किंवा सुटू लागलेले आवरण बोटांना जाणवते. टोकाजवळच्या वळणाऱ्या भागावर पातळ रबर असते आणि त्याच्या दोन्ही टोकांना चिकटद्रव्याची कडी असते. तिथे चीर, पोपडा किंवा खरखर आढळली तर तो स्कोप त्या दिवशी यादीतून बाहेर काढावा. भिंगावर पांढुरका थर दिसला तर तो बहुधा नीट न विसळलेल्या डिटर्जंटचा किंवा जड पाण्याच्या क्षारांचा असतो. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या गावांतल्या रुग्णालयांत हा थर फार लवकर चढतो; अखेरच्या विसळणीला गाळलेले, शक्य असल्यास निर्जंतुक पाणी वापरण्याचे एक कारण तेही आहे.

आता मुठीवरची दोन चाके फिरवावीत. मोठे चाक टोक वर-खाली नेते आणि लहान चाक डावी-उजवीकडे. बहुतेक कोलोनोस्कोपचे टोक वर आणि खाली १८० अंशांपर्यंत आणि बाजूंना १६० अंशांपर्यंत वळते. चाक अडखळत फिरत असेल, मध्येच सैल लागत असेल किंवा पूर्ण फिरवूनही टोक पुरेसे वळत नसेल, तर आतल्या तारा ताणल्या गेल्या आहेत असे समजावे. दोन्ही चाकांचे ब्रेक लावून पाहावेत आणि आठवणीने सोडावेत. कडकपणा कमीजास्त करणारी कडी असलेल्या स्कोपमध्ये ती सर्वात मऊ स्थितीत आणून ठेवावी.

बटणे, रबर आणि रबरी कड्या

हवा-पाण्याचे बटण, सक्शनचे बटण आणि फोर्सेप्सच्या तोंडावरची टोपी हे तीन भाग स्कोपपासून वेगळे काढून ठेवलेले असतात, आणि सकाळच्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच तीन भागांत असते. प्रत्येक बटण उजेडात धरून त्याच्या रबरी कड्या पाहाव्यात. कडी फाटलेली, चपटी झालेली किंवा खाचेतून निसटलेली असेल तर हवा कुठून तरी पळते किंवा बटण न दाबताही पाणी ठिबकत राहते. बटण खोबणीत बसवल्यावर दाबून सोडावे. ते स्वतःहून वर आले पाहिजे. अडकून बसले तर त्यावर खोबरेल तेल किंवा मशिनचे तेल लावण्याचा मोह आवरावा, कारण अशा तेलांनी रबर फुगते आणि कुजते. त्या बटणासाठी कंपनीने नेमून दिलेले वंगणच वापरावे, तेही नेमून दिले असेल तरच.

फोर्सेप्सच्या तोंडावरची टोपी दिसायला क्षुल्लक असते. तिची चीर रुंदावली की आतड्यात भरलेली हवा तिथून बाहेर पडते, आतडे फुगत नाही, डॉक्टर पुन्हा पुन्हा हवा मागतात, आणि जोडीला मळपाण्याचे शिंतोडे मूठ धरणाऱ्याच्या अंगावर उडतात. सक्शन कमी आहे म्हणून जार, नळी, भिंतीतला पॉइंट असे सगळे बदलून झाल्यावर शेवटी दोष या टोपीत निघाल्याचे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता सक्शनची तक्रार आली की प्रथम तिच्याकडेच पाहतो.

टॉवर

प्रोसेसर (चित्र तयार करणारे यंत्र), प्रकाशस्रोत आणि मॉनिटर ज्या ट्रॉलीवर असतात तिला सगळीकडे टॉवर म्हणतात. तो सुरू करण्याआधी त्याची वीज कुठून येते ते पाहावे. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंद घरात कोणाच्या लक्षातही येत नाहीत, पण पॉलिपच्या (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेल्या मांसल गाठीच्या) देठाभोवती कापायच्या तारेचा वेढा पडलेला असताना पडदा काळा होणे फार वाईट. म्हणून प्रोसेसर आणि मॉनिटर यूपीएसवर असावेत, आणि त्या यूपीएसची बॅटरी खरोखर किती मिनिटे तग धरते हे महिन्यातून एकदा रुग्ण नसताना मुख्य प्लग काढून पाहावे. कॉटरीचे (विजेने कापण्याचे व रक्त थांबवण्याचे) यंत्र वेगळ्या, अर्थिंग तपासलेल्या सॉकेटवर असावे. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर सगळे लटकवू नये.

स्कोपचा कनेक्टर जोडताना प्रोसेसर बंद असावा आणि विजेच्या पिना कोरड्या असाव्यात. धुतल्यावर ओलसर राहिलेल्या पिनांमुळे चित्र थरथरते, रेषा येतात किंवा ते अजिबात उमटत नाही, आणि मग दोष स्कोपचा की प्रोसेसरचा यावर वाद सुरू होतो. दिवा झेनॉनचा असेल तर त्याच्या तासांची नोंद पाहावी. असे दिवे साधारण ५०० तासांसाठी असतात, आणि वारंवार बंद-चालू केल्याने त्यांचे आयुष्य घटते. म्हणून दोन केसांमध्ये दिवा विझवण्याची काटकसर करू नये. एलईडीच्या प्रकाशस्रोताला ही चिंता नाही. राखीव दिवा असलेल्या यंत्रात तो लागतो का, हेही आठवड्यातून एकदा पाहावे. तपासणीनंतर काढलेल्या कनेक्टरचे प्रकाशाकडचे टोक चांगलेच तापलेले असते. नवा माणूस एकदा तरी तिथे बोट लावतोच.

प्रोसेसरची तारीख आणि वेळ तपासावी, आधीच्या रुग्णाचे नाव पुसावे आणि नव्या रुग्णाचे नाव, वय व नोंदणी क्रमांक कागदावर पाहून भरावा. चुकीच्या नावाने साठवलेल्या फोटोंवर पुढे कोणाचे तरी उपचार ठरू शकतात.

पाण्याची बाटली निर्जंतुक असावी, तिच्यात निर्जंतुक पाणी दोन-तृतीयांशापर्यंत भरावे आणि झाकण घट्ट फिरवावे. काठोकाठ भरली तर हवेच्या मार्गात पाणी शिरते. झाकण सैल राहिले तर हवेचा दाब बाटलीतूनच निसटतो आणि भिंगावर पाणी येत नाही. बाटली आणि तिची नळी रोज निर्जंतुक झाली पाहिजे, उरलेले पाणी दुसऱ्या दिवसासाठी राखू नये. फेस मोडण्यासाठी वापरायचे सिमेथिकॉन या बाटलीत घालण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजूनही आहे, ती सोडावी. त्याचा तेलकट अंश हवा-पाण्याच्या बारीक चॅनलमध्ये बसतो, तिथे ब्रश पोहोचत नाही, आणि नेहमीच्या धुण्यानेही तो पूर्ण निघत नाही. गरज पडलीच तर अगदी कमी मात्रेत, सिरिंजने फोर्सेप्सच्या चॅनलमधून द्यावे, कारण तो चॅनल ब्रशने घासता येतो.

साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरत असाल तर तपासणीनंतर रुग्णाच्या पोटात कळा कमी येतात, कारण तो वायू आतड्यातून लवकर शोषला जाऊन श्वासावाटे निघून जातो. सिलिंडरचा दाब पाहावा, राखीव सिलिंडर आणि चावी जवळ असावी, आणि प्रकाशस्रोतातला हवेचा पंप बंद केला आहे याची खात्री करावी. हा पंप चालू राहिला तर आतड्यात दोन्ही वायू जातात आणि सिलिंडरचा खर्च वाया जातो.

सक्शनचा जार रिकामा, झाकण घट्ट आणि नळी न मुडपलेली असावी. रेचकाने तयारी नीट झालेली नसेल तर एक जार एकाच केसमध्ये भरतो, म्हणून दुसरा जोडायला तयार ठेवावा. रुग्णाच्या तोंडातली लाळ किंवा उलटी खेचण्यासाठी वेगळे सक्शन लागते. स्कोपचेच सक्शन काढून तोंडात घालू हे नियोजन नव्हे.

जोडल्यानंतरची चाचणी

ही चाचणी दोन-तीन मिनिटांची असते, पण आधीची सगळी तयारी इथे एकत्र तपासली जाते, म्हणून घाई कितीही असली तरी ती वगळू नये. स्वच्छ स्टीलच्या वाडग्यात निर्जंतुक पाणी घ्यावे. स्कोपचे टोक पाण्यात सुमारे १० सेंटिमीटर बुडवावे आणि हवा-पाण्याच्या बटणाला हात लावू नये. या स्थितीत बुडबुडे येता कामा नयेत. आले, तर बटणाची कडी झिजली आहे किंवा बटण पूर्ण बसलेले नाही. असा स्कोप आतड्यात गेल्यावर नको असताना हवा भरत राहील आणि रुग्णाचे पोट टरटरून फुगेल. मग बटणाच्या मध्यावरचे छिद्र बोटाने झाकावे, आता बुडबुडे जोरात आणि सलग आले पाहिजेत. हे छिद्र झाकणे म्हणजे हवा देणे आणि बटण खाली दाबणे म्हणजे पाणी देणे, हा फरक नव्या माणसाने स्वतः करून पाहावा. ऐकून तो लक्षात राहत नाही.

टोक पाण्याबाहेर काढून बटण पूर्ण दाबावे. पाण्याची धार भिंगावरून सरकत जायला हवी. धार भिंगापासून दूर उडत असेल किंवा नुसती ठिबकत असेल तर टोकावरचा नोझल चोंदलेला किंवा वाकलेला आहे. त्यात सुई किंवा टाचणी घालून तो मोकळा करण्याचा प्रयत्न करू नये. नोझल सैल होऊन रुग्णाच्या आत पडू शकतो. यानंतर टोक पुन्हा पाण्यात बुडवून सक्शनचे बटण दाबावे आणि जारमध्ये पाणी झपाट्याने येते का ते पाहावे. बटण सोडताच ओढ थांबली पाहिजे. वेगळ्या पाण्याच्या फवाऱ्याचा चॅनल असलेल्या स्कोपमध्ये सिरिंजने किंवा पंपाने पाणी ढकलून टोकाशी सरळ धार येते का ते पाहावे, आणि या जोडणीतला पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह जागेवर आहे याची खात्री करावी. तो नसला तर आतड्यातले पाणी उलटे पंपाच्या नळीत येऊ शकते.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पडद्यावर रंग खरे दिसावेत यासाठीची जुळवणी, खऱ्या पांढऱ्या गोष्टीवरच करावा. कंपनीची पांढरी टोपी मिळत असेल तर उत्तम. नाहीतर कोरडा, नवा, पांढराशुभ्र गॉज चालतो. पोव्हिडोन-आयोडीनच्या हाताने धरलेल्या, किंचित पिवळसर गॉजवर बॅलन्स केला तर आतड्याची आतली त्वचा निळसर फिकट दिसते आणि सौम्य सूज ओळखण्यात चूक होते. यादीतल्या प्रत्येक स्कोपसाठी हा बॅलन्स पुन्हा करावा. मग आपल्या तळहाताच्या रेषांवर टोक धरून चित्र स्पष्ट आहे का, काळे ठिपके किंवा धूसर पट्टा आहे का ते पाहावे. चित्र गोठवण्याचे, फोटो काढण्याचे आणि अरुंद पट्ट्याच्या प्रकाशाचे बटण दाबून पाहावे. शेवटचे बटण पॉलिपवरची रक्तवाहिन्यांची जाळी ठळक करण्यासाठी लागते.

एवढे झाले की बटणे आणि टोक पुसून स्कोप स्वच्छ कपड्याने झाकून हुकवर ठेवावा, आणि नळीला जेली फक्त तपासणी सुरू होण्याच्या क्षणी लावावी. जेली पाण्यात विरघळणारी असावी. भिंगाला ती लागू नये, कारण पडद्यावर त्याचे धुके दिसते आणि सगळ्यांना वाटते की दिवाच कमी झाला.

हाताशी लागणारी उपसाधने

बायोप्सी फोर्सेप्स, वेढा घालणारी स्नेअर, इंजेक्शनची सुई, क्लिप, पॉलिप पकडण्याची जाळी, रंग फवारण्याची नळी, हे सगळे कोलोनोस्कोपच्या लांबीचे असावे. कोलोनोस्कोपसाठीचा फोर्सेप्स साधारण २३० सेंटिमीटरचा असतो आणि जठराच्या स्कोपसाठीचा १६० सेंटिमीटरचा. दोघांची पाकिटे सारखीच दिसतात आणि एकाच खणात ठेवलेली असतात. चुकीचे पाकीट फोडले की आतड्यात शिरून बसलेल्या स्कोपच्या टोकातून फोर्सेप्स बाहेरच येत नाही. म्हणून दोन खण वेगळे असावेत आणि लांबी ठळक अक्षरांत बाहेर लिहिलेली असावी. हे सामान पाकिटातून आधीच काढून ठेवू नये. फोर्सेप्स ही आतड्याची त्वचा भेदणारी वस्तू आहे, आणि १९६८ मध्ये स्पॉल्डिंग यांनी मांडलेल्या वर्गवारीनुसार अशा वस्तू पूर्ण निर्जंतुकच लागतात. स्कोपला मात्र त्याहून एक पायरी खालचे, उच्च दर्जाचे जंतुनाशन (हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन) किमान आवश्यक मानले जाते.

स्नेअर वापरण्याआधी ती दोनदा उघडून-मिटून पाहावी. वेढा समतोल उघडला पाहिजे आणि मिटल्यावर तार आवरणाच्या आत पूर्ण गेली पाहिजे. तारेचे टोक आवरणाच्या तोंडाशी आलेले असताना हँडलवर पेनने एक खूण करून ठेवावी. पॉलिप धरल्यावर किती आवळले गेले आहे याचा अंदाज त्या खुणेवरून येतो, आणि साहाय्यकाच्या चुकीने विद्युतप्रवाहाआधीच देठ कापला जाऊन रक्त सुरू होण्याची शक्यता कमी होते. इंजेक्शनची सुई आधी सलाइनने भरून घ्यावी, नाहीतर सुरुवातीला नुसती हवाच टोचली जाते. ती बाहेर येते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पूर्ण आत जाते का ते पाहावे. सुई बाहेर राहिलेली नळी चॅनलमधून ओढली की चॅनलला आतून चीर पडते, आणि ही चीर दिसत नाही. स्कोप गळू लागण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे.

रक्तस्रावासाठी ॲड्रिनलिनचे १:१०,००० द्रावण लागले तर १:१००० च्या १ मिलिलिटरमध्ये ९ मिलिलिटर सलाइन मिसळून ते तयार होते. सिरिंजवर ताबडतोब पट्टी लावून नाव आणि प्रमाण लिहावे. ट्रेमध्ये साध्या सलाइनच्या सिरिंजा शेजारीच असतात आणि दिसायला त्या अगदी सारख्या असतात. नमुन्यांच्या डब्यांत १० टक्के फॉर्मालिन नमुन्याच्या किमान दहापट असावे आणि पट्टी झाकणावर न लावता डब्याच्या अंगावर लावावी, कारण प्रयोगशाळेत झाकणे एकमेकांची होऊ शकतात.

कॉटरीचे यंत्र आणि एक धोका

कॉटरीचे यंत्र सुरू करून रुग्णाखाली लावायची प्लेट, तिची केबल आणि स्नेअरची केबल यांवर कुठे चीर किंवा उघडी तार आहे का ते पाहावे. प्लेट मांडीच्या किंवा नितंबाच्या मांसल, कोरड्या भागावर पूर्ण चिकटली पाहिजे. हाडाच्या उंचवट्यावर, जखमेच्या वणावर किंवा आत धातूचा सांधा बसवलेल्या जागेवर ती लावू नये. अर्धवट चिकटलेल्या प्लेटच्या कडेला भाजते, आणि गुंगीत असलेला रुग्ण तसे सांगू शकत नाही. प्लेट निघाली तर यंत्राने घंटी वाजवली पाहिजे. ही घंटी सकाळी एकदा मुद्दाम प्लेट काढून ऐकावी. पायाने दाबायचे पेडल डॉक्टरांच्या पायाशी असावे आणि कापण्याचे व रक्त थांबवण्याचे पेडल कोणते हे त्यांना सांगावे. रुग्णाच्या छातीत पेसमेकर आहे का हा प्रश्न याच वेळी, रुग्ण जागा असताना विचारावा.

रेचक कोणते दिले होते हे पाहणे साधनांच्या तपासणीत मोडते असे अनेकांना वाटत नाही, पण मोडते. मॅनिटॉल आतड्यातल्या जिवाणूंमुळे आंबते आणि हायड्रोजन तयार होतो. त्या वायूत ठिणगी पडली तर आतड्यात स्फोट होऊ शकतो आणि असे स्फोट घडलेले आहेत. नुसता एनिमा देऊन अर्धवट तयारी केलेल्या आतड्यात मळाजवळ मिथेन व हायड्रोजन उरलेले असतात, तिथेही हाच धोका आहे. म्हणून प्लेट लावण्याआधी कागदावरचे रेचकाचे नाव वाचावे, ते पॉलिएथिलीन ग्लायकॉल नसेल तर डॉक्टरांना मोठ्याने सांगावे आणि त्यांनी ऐकल्याची खात्री करावी.

खोलीतली बाकीची तयारी बहुतेक रुग्णालयांत भूलतज्ज्ञांच्या यादीनुसार होते. ऑक्सिजन, पल्स ऑक्सिमीटर, रक्तदाबाचा पट्टा, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि गुंगीच्या औषधांचा परिणाम उतरवणारी नॅलोक्झोन व फ्लुमाझेनिल जागेवर असावीत आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंचे कठडे वर जाऊन अडकतात का ते हलवून पाहावे.

लीक टेस्ट

शेवटची केस झाल्यावर पुढच्या सकाळची तयारी सुरू होते, आणि तिची पहिली पायरी टेबलाशेजारीच घडते. स्कोप रुग्णातून बाहेर येताच, तो सुकण्याआधी, नळी एन्झाइमच्या द्रावणाने भिजवलेल्या कापडाने पुसावी, तेच द्रावण सक्शनने खेचावे आणि हवा-पाण्याच्या चॅनलमध्ये धुण्याचा खास अडॅप्टर लावून सुमारे ३० सेकंद पाणी सोडावे. पाण्याच्या फवाऱ्याचा चॅनल त्या केसमध्ये वापरलेला नसला तरी धुवावा. त्यात ब्रश जात नाही आणि आतड्यातला द्रव त्यात उलटा शिरलेला असू शकतो. मळ एकदा सुकला की त्याचा पापुद्रा जमतो आणि त्यावर कोणतेही रसायन पूर्ण काम करत नाही. पूर्ण धुणे एका तासाच्या आत सुरू झाले पाहिजे असे मानले जाते ते त्यामुळेच.

धुण्याच्या खोलीत स्कोप आल्यावर तो पाण्यात घालण्याआधी लीक टेस्ट, म्हणजे आत हवेचा दाब देऊन स्कोप कुठे गळतो का याची चाचणी, सुरू करावी. गळका स्कोप पाण्यात बुडवला की पाणी आतल्या तारांपर्यंत, चिपपर्यंत पोहोचते. शिवाय गळक्या जागेत मळ आणि जिवाणू शिरतात, तिथे रसायन पोहोचत नाही, आणि ते पुढच्या रुग्णापर्यंत जातात. सर्व बटणे आणि टोपी काढावीत. कनेक्टरवर पाणीरोधक झाकण लागणारे मॉडेल असेल तर ते लावावे. वायूने निर्जंतुक करताना किंवा विमानाने पाठवताना लावायची हवा सोडणारी टोपी अजून लागलेली आहे का ते मुद्दाम पाहावे. ती स्कोपच्या आतला भाग बाहेरच्या हवेला उघडा करते, आणि दुरुस्तीहून परत आलेला स्कोप तशाच टोपीसह पाण्यात घालणे ही महागात पडणारी चूक आहे.

टेस्टरला हवा येते का ते पाहून तो कोरड्या तोटीवर घट्ट बसवावा, पुस्तिकेत दिलेल्या दाबापर्यंत हवा भरावी आणि काटा स्थिर राहतो का ते पाहावे. काटा घसरू लागला तर तिथेच थांबावे. स्थिर राहिला तर हवा चालू ठेवून स्कोप साध्या, डिटर्जंट नसलेल्या पाण्यात पूर्ण बुडवावा. डिटर्जंटच्या फेसात बुडबुडा दिसत नाही. सिरिंजने चॅनलमधली हवा पाण्याने बाहेर काढावी, नाहीतर तीच हवा बुडबुडे होऊन फसवते. मग दोन्ही चाके फिरवून टोक चारही दिशांना पूर्ण वळवावे. रबराची बारीक चीर सरळ स्थितीत मिटलेली असते, ती ताणल्यावरच उघडते. टोक न वळवता केलेली लीक टेस्ट मी तरी झाली असे मानत नाही. एकाच जागेवरून सलग बुडबुड्यांची माळ निघाली तर ती गळती आहे. पृष्ठभागावर अडकलेले एक-दोन बुडबुडे बोटाने पुसून पुन्हा पाहावेत. निदान अर्धे मिनिट तरी शांतपणे पाण्याकडे पाहावे, मोबाइलकडे नव्हे.

चाचणी झाल्यावर स्कोप आधी पाण्याबाहेर काढावा, नंतर हवा बंद करावी, टोकाचे फुगलेले रबर बसू द्यावे आणि शेवटी टेस्टर काढावा. हा क्रम उलटला तर स्कोप पाण्यात असतानाच आतला दाब जातो आणि पाणी आत ओढले जाते. गळती सापडलेला स्कोप वेगळ्या पट्टीसह बाजूला ठेवावा, आणि दुरुस्तीला पाठवताना त्यावर किती प्रक्रिया झाली आहे हे लिहून द्यावे.

धुणे, रसायन आणि वाळवणे

ब्रश तीन मार्गांनी फिरवावा: सक्शन बटणाच्या खोबणीतून टोकापर्यंत, त्याच खोबणीतून कनेक्टरपर्यंत, आणि फोर्सेप्सच्या तोंडातून आत. दर वेळी ब्रश पलीकडे बाहेर आला की त्याचे केस पाण्याखाली बोटांनी साफ करूनच परत ओढावा, आणि तो स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहावे. खोबण्यांसाठी आखूड, जाड ब्रश वेगळा असतो.

रसायनाच्या बाबतीत तीन गोष्टी रोज पाहायच्या असतात: तीव्रता, तापमान आणि वेळ. २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड, ज्याला आपल्याकडे कोणत्याही कंपनीचे असले तरी सरसकट सायडेक्स म्हणतात, त्यात २० अंश तापमानाला किमान २० मिनिटे देण्याची पद्धत आहे. बाटलीवर जास्त वेळ छापलेली असेल तर ती पाळावी. ०.५५ टक्के ऑर्थो-थॅलाल्डिहाइड कमी वेळात काम करते, मात्र त्याची तीव्रता ०.३ टक्क्यांखाली गेली की ते फेकून द्यावे लागते. द्रावण वापरात घेतल्यापासून १४ दिवस ही वरची मर्यादा आहे, हमी नव्हे. रोज दहा स्कोप बुडवणाऱ्या विभागात, प्रत्येक स्कोपबरोबर थोडे पाणी आत जात असल्यामुळे, तीव्रता आठवड्यातच घसरू शकते. म्हणून वापराआधी चाचणी पट्टी बुडवून रंग पाहावा आणि पट्ट्यांच्या डबीवरही उघडल्याची तारीख लिहावी. तापमानाकडे दुर्लक्ष होते. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, निफाडकडच्या थंडीत सकाळी टबमधले द्रावण २० अंशांच्या बरेच खाली असते, आणि तेवढीच मिनिटे मोजून काढलेला स्कोप अर्धवट शुद्ध असतो. टबजवळ थर्मामीटर टांगावा. प्रत्येक चॅनल सिरिंजने द्रावणाने भरावा. चॅनलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढी जागा कोरडीच राहते.

रसायन धुऊन काढण्यासाठी भरपूर पाणी वापरावे. ग्लुटाराल्डिहाइडचा अंश राहिला तर रुग्णाच्या मोठ्या आतड्याला सूज येऊन रक्ताचे जुलाब होऊ शकतात, आणि ते मग नव्या आजारासारखे दिसतात. शेवटी चॅनलमधून ७० टक्के अल्कोहोल आणि त्यामागून दाबाची हवा सोडावी. अलीकडची शिफारस किमान १० मिनिटे हवा सोडण्याची आहे. चॅनलमध्ये रात्रभर राहिलेल्या ओलाव्यात स्यूडोमोनाससारखे जिवाणू वाढतात, आणि सकाळी कितीही तपासणी केली तरी ते डोळ्यांना दिसत नाहीत.

बाह्यरुग्ण विभागातल्या स्टीलच्या प्रॉक्टोस्कोपला (गुदद्वार आतून पाहण्याची आखूड, सरळ नळी) यातले फार थोडे लागते. ते घासून, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक करून पाकिटात ठेवावेत. वापरण्याआधी आतला दांडा नळीत सहज बसतो का आणि कडेला खरबरीतपणा नाही ना हे बोटाने पाहावे, म्हणजे पुरे.

कोणत्या रुग्णासाठी कोणत्या क्रमांकाचा स्कोप वापरला, लीक टेस्ट कोणी केली, पट्टीचा रंग काय आला आणि स्कोप किती वाजता टांगला, ही नोंद त्याच वेळी वहीत करावी. संध्याकाळी आठवून भरलेली नोंद मागाहून तपास करताना उपयोगी पडत नाही. स्कोप कपाटात उभा, टोक जमिनीपासून वर राहील असा टांगावा. चाकांचे ब्रेक सोडलेले असावेत, बटणे आणि टोपी लावलेली नसावीत. ती कोरडी करून त्याच स्कोपच्या क्रमांकाच्या जाळीच्या पिशवीत, त्याच हुकला अडकवून ठेवावीत.